घेणाऱ्याचं नाव

एका मंगळवारी सकाळी वैजनाथ गेला. मी केजच्या कॉलेजात वर्गावर शिकवत होतो. शिपायाने चिठ्ठी आणून दिली. चिठ्ठीत त्याचं नाव होतं, पुढे 'लिंगैक्य' हा शब्द होता आणि माती किती वाजता ते लिहिलं होतं. मी चिठ्ठी वाचली, खिशात ठेवली आणि तास पूर्ण केला. मग आमच्या गावाला, युसूफ वडगावला, जाणारी जीप पकडली.

तास का पूर्ण केला, हे गेले पाच-सहा आठवडे मी स्वतःला विचारतो आहे. उदाहरण अर्धं झालं होतं, मुलांची परीक्षा जवळ आली होती, ही कारणं खोटी नाहीत. पण मी मुळातच तसा माणूस आहे. हातात आलेला कागद वाचायचा, घडी घालायची, खिशात ठेवायचा आणि समोर चाललेलं चालू द्यायचं. वैजनाथला हा माझा स्वभाव शाळेपासून ठाऊक होता, आणि त्याची सगळ्यात मोठी किंमतही त्यानेच मोजली. त्याच्याविषयी लिहायचं तर ते टाळून लिहिता येणार नाही. हे लिहिणं फार हळू चाललं आहे. रोज संध्याकाळी बसतो, दहा ओळी होतात, त्यातल्या चार दुसऱ्या दिवशी खोडतो...

युसूफ वडगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो. माझे वडील त्याच शाळेत मास्तर. त्याच्या वडिलांची बाजाराच्या रस्त्याला करडईचं तेल काढायची गिरणी होती. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. गणितात वैजनाथ माझ्या पुष्कळ पुढे होता. एका पोत्यातून तेल किती निघेल आणि पेंड किती उरेल, हे तो दाणा दाताखाली फोडून सांगायचा आणि फार चुकायचा नाही. पण मॅट्रिकनंतर आप्पांचे गुडघे धरले, यंत्रापाशी दिवसभर उभं राहणं त्यांना जमेना, आणि वैजनाथ गिरणीत बसला तो बसलाच. मी अंबाजोगाईला बी.कॉम.ला गेलो. त्याने कधी हे बोलून दाखवलं नाही. सुटीत मी आलो की माझी पुस्तकं मात्र तो मागून घ्यायचा आणि पोत्यावर बसून वाचायचा. पानांना तेलाचे डाग पडायचे. त्यातलं एक पुस्तक पुढे मी कित्येक वर्षं शिकवायला वापरलं. बोट ठेवलं की कागदातून पलीकडचं अक्षर दिसायचं.

घसारा हा शब्द मी त्याला पहिल्यांदा सांगितला तो त्या गिरणीतच. यंत्र चालू होतं, ओरडून बोलावं लागत होतं. मी सांगितलं की धंद्यातली वस्तू वापरून झिजते, म्हणून तिची किंमत वहीत दरवर्षी थोडी थोडी कमी लिहायची. जेवढी कमी केली तेवढा त्या वर्षाचा खर्च धरायचा. दहा वर्षं चालणारी वस्तू असेल तर दरवर्षी दहावा हिस्सा. वस्तू संपेल तेव्हा वहीतही संपलेली असते. त्याने मला दोनदा सांगायला लावलं. मग यंत्राकडे बोट करून म्हणाला, "म्हंजे हे समोर चालू हाय, तेल गळतंय, आन् आपण म्हनायचं की यंदा दहा टक्के मेलं?" मी म्हटलं, तसंच. तो हसायला लागला. "मंग मास्तरांना बी लाव की बे. तुझा बाप दरसाल किती टक्के?" पोती उचलणारा माणूसही हसला. मीही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

पण त्याच्या नकारामागे नुसती थट्टा नव्हती. त्यांच्या घरात नवी वही दिवाळीच्या पाडव्याला सुरू व्हायची. पहिल्या पानावर हळदकुंकू, विभूतीची तीन बोटं, बेलाचं पान, आणि त्याच पानावर गिरणीतल्या वस्तूंची यादी. तेल काढायचा एक्स्पेलर, मोटर, तेल गाळायचं यंत्र, वजनकाटा, तेल साठवायच्या टाक्या, आणि प्रत्येकीपुढे तिची किंमत. ही यादी आप्पा सांगत आणि वैजनाथ लिहीत असे. आप्पा गेल्यावर तो स्वतःशीच मोठ्याने म्हणत लिहायचा. त्या दिवशी त्या पानावर मागच्या सालापेक्षा लहान आकडा लिहायचा नाही, असा त्यांचा रिवाज. पाडव्याला कमी लिहायचं नसतं. त्यात भर मात्र चालायची. एक्स्पेलरमधला दाणे दाबणारा आटेदार दांडा दोन-तीन वर्षांत झिजून गुळगुळीत व्हायचा, मग बार्शीहून नवा आणायचा. त्याचा खर्च वैजनाथ पाडव्याला एक्स्पेलरच्या किमतीत मिळवायचा. "नवा दांडा घातला, म्हंजे यंत्र वाढलं की," असा त्याचा हिशेब. झिजून फेकलेला दांडा कोणत्याच पानावरून वजा झाला नाही. अशी वीस वर्षं गेली. यंत्र म्हातारं होत गेलं आणि वहीत त्याची किंमत चढत गेली.

मी त्याला एकदा समजावलं होतं. नाही असं नाही. बीडचे एक वकील त्यांचे आयकराचे कागद करायचे. त्यांच्या कागदावर घसारा रीतसर लावलेला असे. पण तो कागद सरकारचा आणि वही घरची, अशी सरळ समजूत होती. मी म्हटलं, "वकिलाच्या कागदावर हीच मशिनरी एकतीस हजारांची आहे, आणि तुझ्या वहीत दोन लाख चाळीस हजारांची. कुठलं तरी एक चूक असणार." तो बराच वेळ पुसणीने हात पुसत राहिला. मग म्हणाला, "आप्पानं घेतल्याली वस्तू हाय. मी कमी लिहिली म्हंजे आप्पाला कमी केल्यावानी व्हतंय." मी पुस्तकातली व्याख्या सांगू शकत होतो. सांगितली नाही. तेलात भिजवलेली भाकरी आणि ठेचा आला, आम्ही जेवलो.

मग ती वर्षं आली, ज्यांच्याबद्दल वर्तमानपत्रं 'बाजार खुला झाला' असं लिहीत होती. केजमध्ये एसटीडीच्या काचेच्या खोल्या उभ्या राहिल्या, चौकात रंगीत बाटल्यांचे फ्रीज आले. माझ्या कॉलेजात मुलं विचारू लागली की सर, शेअर म्हणजे काय. आमच्याकडे जे आलं ते मात्र पिवळ्या पिशवीतून आलं. परदेशातलं पामतेल, अर्ध्या किलोच्या पिशवीत, करडईच्या जवळपास निम्म्या भावाने. आधी लोक म्हणाले, याला वास नाही, चव नाही. दुसऱ्या वर्षी तेच लोक म्हणाले, वास नाही ते बरं हाय. आपली करडई पोत्याने आणून तेल काढून नेणारे, पेंड बैलांना घालणारे शेतकरी करडई व्यापाऱ्याला विकून पिशवी घेऊन घरी जाऊ लागले. ज्या गिरणीचा आवाज शाळेपर्यंत यायचा ती आठवड्यातून तीन दिवस चालायला लागली, मग दोन. यंत्र झिजलं नव्हतं. तसंच होतं, पुसलेलं, वंगण घातलेलं. मी वर्गात शिकवत होतो की घसारा दोन कारणांनी होतो, वापरामुळे आणि काळामुळे. मुलं ते वहीत उतरवून घेत होती. त्यातलं दुसरं कारण मी रविवारी युसूफ वडगावला जाऊन डोळ्यांनी पाहत होतो, आणि दोन्हींचा संबंध जोडून वैजनाथला सांगणं मात्र मला जमलं नाही.

त्याचा धाकटा भाऊ शिवराज हुशार. त्याला हवा लवकर कळली. त्याने वेगळं व्हायचं म्हटलं. भांडण नव्हतं, आवाज चढला नव्हता. घराचं आणि शेताचं वाटप सोपं होतं. अडलं ते दोन गोष्टींवर. एक गिरणी, म्हणजे शेड आणि मशिनरी, आणि दुसरी अंबाजोगाई रस्त्याला आप्पांनी कधीतरी घेऊन ठेवलेली रिकामी जागा. वैजनाथला गिरणी हवी होती, शिवराजला जागा. जागेचा भाव गावातल्या जाणत्यांनी साधारण दोन लाख चाळीस हजार धरला. मशिनरीचा भाव वहीत होताच. तोही दोन लाख चाळीस. शेड जुनी म्हणून कोणी धरली नाही. असा योग जुळलेला पाहून सगळ्यांना आनंद झाला. त्यांचे नांदूरघाटचे मामा मध्यस्थ होते. ते म्हणाले, महादेवानंच जुळवून आणलंय.

बैठक गिरणीतच झाली, दुपारी. यंत्र बंद होतं. पोत्यांवर सतरंजी टाकलेली. मला बोलावलं होतं ते शिकलेला माणूस म्हणून, घरचा म्हणून. वही माझ्यापुढे ठेवली. मी बेरजा तपासल्या. वैजनाथच्या बेरजा कधी चुकत नसत. आणि मला समोर दोन वस्तू दिसत होत्या. मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो की जमिनीला घसारा लागत नाही. त्या एका वाक्यात दोन्ही भावांची पुढची वर्षं होती. एक जण असं काही घेत होता जे कमी होणार नव्हतं, आणि दुसरा असं, जे आधीच संपलेलं होतं आणि वहीत उभं होतं. वैजनाथ यंत्राला पाठ टेकून बसला होता. त्याच्या तोंडावर मी क्वचित पाहिलेलं समाधान होतं. आप्पांची वस्तू पूर्ण भावाने चार माणसांत मान्य होत होती. शिवराजने मला विचारलं, "सर, तुमी शिकलेले हाव. हे आकडे बरोबर हायेत का?"

मी म्हणालो, "वहीप्रमाणे बरोबर आहेत."

शिवराजने दुसऱ्यांदा विचारलं नाही. वैजनाथने माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. मामांनी पेढे काढले. मी त्या दिवशी खोटं बोललो नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. आकडा वहीप्रमाणे बरोबर होताच. पण मला कोणी बेरीज विचारली नव्हती. बेरीज तर सगळ्यांनाच येत होती.

वैजनाथने गिरणी आणखी तीन हंगाम ओढली. पहिल्या वर्षी त्याने नवा पट्टा टाकला, दुसऱ्या वर्षी उधारीवर करडई घेतली, तिसऱ्या वर्षी वहिनींच्या पाटल्या गेल्या. शिवराजने रस्त्याच्या जागेवर चार गाळे बांधले, एकात स्वतःचं दुकान घातलं, तीन भाड्याने दिले. मग एके दिवशी बार्शीचा भंगारवाला आला आणि एक्स्पेलर किलोच्या भावाने घेऊन गेला. हे मला दुसऱ्याकडून कळलं. वैजनाथने वजनकाट्यावर स्वतः उभं राहून वजन लिहून घेतलं होतं, एवढंही कळलं. तोवर तो माझ्याकडे यायचा थांबला होता. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा वहिनी म्हणाल्या, "केजला गेल्यात, भाऊजी." केजला तो एका सरकीच्या कारखान्यात मुनीम म्हणून लागला होता, माझ्या घरापासून अर्ध्या मैलावर. दीड वर्ष आम्ही एका गावात राहून भेटलो नाही. बाजारात एकदा तो समोरून येताना दिसला आणि भाजीवालीपाशी वाकला. मीही रस्ता ओलांडला... दोघांनीही एकमेकांना सोपं केलं.

मग एका रविवारी सकाळी तो दारात उभा. हातात कोरं रजिस्टर. आत आला, चप्पल नीट जोडून ठेवली, बसला आणि म्हणाला, "घसारा शिकव." मधल्या वर्षांबद्दल एक शब्द नाही. मी शिकवलं. तीन रविवार लागले. समान हप्त्याची पद्धत त्याला लगेच पटली. वस्तू दहा वर्षांची, तर दहा हप्ते, शेवटी मोडीची किंमत, आणि विषय संपला. घटत्या शिलकीची पद्धत, ज्यात दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्के काढतात, तिच्यावर तो अडला. पंधरा वर्षांचं कोष्टक त्याने स्वतः करून पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "हे शून्यावर येतच न्हाई की."

"नाही येत. लहान होत जातं, पण संपत नाही."

"मंग खोटं हाय हे. संपलं तर संपलं म्हनावं मानसानं." आयकरासाठी ही पद्धत लागतेच, हे मी सांगितल्यावर त्याने ती शिकून घेतली, पण शेवटपर्यंत तिला तो 'सरकारी' म्हणायचा.

पुढची सहा-सात वर्षं त्याने नोकरी सांभाळून हेच काम केलं. केज, युसूफ वडगाव, नांदूरघाट, कुठे पिठाची गिरणी, कुठे झेरॉक्सचं दुकान, कुठे मंडपवाला. अशा लोकांना वकिलाकडे जायचं तर मालमत्तेची यादी लागते, बँकेत जायचं तरी लागते. ती यादी वैजनाथ करून द्यायचा. पैसे थोडे घ्यायचा आणि वेळ फार. एव्हाना तालुक्याला संगणक आले होते. वस्तू, तारीख आणि टक्के घातले की घसाऱ्याचा तक्ता भराभर छापून निघायचा. मी एकदा म्हटलं, अर्ध्या तासाच्या कामाला तू दिवस घालवतोस. तो म्हणाला, "त्या डब्याला यंत्राचा आवाज ऐकू येतो का?"

त्याची पद्धत मी दोन-तीनदा सोबत जाऊन पाहिली. आधी मालकाशी बोलायचं नाही, यंत्र चालवणाऱ्याशी बोलायचं. यंत्र चालू करायला लावायचं, त्यावर तळहात ठेवून उभं राहायचं. मग चहा. चहा पिऊन झाल्यावर मालकाला एकच प्रश्न. "उद्या हे इकायला काढलं तर कोन घेईल? नाव सांगा." मालक म्हणायचा, घेईल की कुणीबी. वैजनाथ म्हणायचा, "कुणीबी नगं. नाव सांगा." पुष्कळांना नाव सांगता यायचं नाही. मग तो वजन विचारायचा. त्याच्या रजिस्टरात वस्तू, घेतल्याची तारीख, किंमत, घसारा, शिल्लक, हे सगळे रकाने होते, आणि शेवटी एक रकाना होता जो मी कोणत्याही पुस्तकात पाहिला नाही. घेणाऱ्याचं नाव. बऱ्याच ओळींत तो रिकामा असायचा. रिकामा दिसला की मालक आपोआप गप्प व्हायचा. याबद्दल लोक त्याच्यावर चिडत. एका झेरॉक्सवाल्याने त्याला दुकानातून अक्षरशः बाहेर काढलं होतं. दोन महिन्यांनी तोच परत बोलवायला आला.

शिवराजच्या दुकानाचं रजिस्टरही तोच करायचा. हे मला फार उशिरा समजलं. भावांचं येणंजाणं थांबलंच नव्हतं. एका वर्षी मी दुकानात गेलो तेव्हा शिवराज काउंटरमागून तक्रार करत होता. "बघा सर, गावभर बरं लिहितो आन् माझा फ्रीज निम्म्यावर आणला. दादा, माझंच कावून कमी?" वैजनाथने वर न पाहता सांगितलं, "तुझं खरं लिहिलंय." शिवराज माझ्याकडे पाहून हसला. मला हसता आलं नाही. मी काडेपेटी घेतली आणि बाहेर पडलो. काडेपेटी मला नको होती.

गेल्या पावसाळ्यापासून त्याला दम लागायला लागला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी हृदय मोठं झाल्याचं सांगितलं. तो ते असं सांगायचा की कोणाला वाटावं चांगली बातमी आहे. नोकरी सुटली. तो गावी परतला आणि ओसरीवर खाट टाकून बसू लागला. मी दर रविवारी जात होतो. बोलणं थोडं, वर्तमानपत्र जास्त. शेवटचा रविवार जानेवारीतला. दुपार होती, ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलेलं. वहिनी चहा ठेवून आत गेल्या. तो रजिस्टर मांडीवर घेऊन बसला होता, पण लिहीत नव्हता. काहीच विषय नसताना म्हणाला, "तू तवा भंगार म्हनला असतास ना, त्या बैठकीत... तर मी तुझ्याशी जन्मात बोललो नसतो."

मी कप खाली ठेवला. त्याने दम गोळा केला.

"पर म्हनायला पायजे होतं."

एवढंच. आवाजात राग नव्हता. माझ्यापाशी उत्तर होतं. दहा-अकरा वर्षं मी ते घडवत होतो, चार-पाच प्रकारे. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी पायरीवरचं ऊन पाहत राहिलो. मग तो हसला, खोकला, पुन्हा हसला. "आजूनबी गप्पच. कसा शिकवतोस बे पोरांना?" आणि त्याने मला गवऱ्यांच्या ढिगापलीकडे सावलीत गेलेली खुर्ची उन्हात आणायला सांगितली, कारण मला थंडी वाजत असेल, असं त्याला वाटलं. मी खुर्ची आणली. आणखी अर्धा तास बसलो. निघताना म्हणालो, पुढच्या रविवारी येतो. तेव्हा बोलीन, असं ठरवलं होतं. पुढच्या रविवारी कॉलेजात एक बैठक निघाली. त्यानंतर मंगळवार आला.

माती शेतात झाली, आप्पांच्या शेजारी. त्यांच्यात, लिंगायतांत, देह बसवून पुरतात. जंगमांनी विभूती लावली, बेल वाहिला, मीठ टाकलं, मग माती ओढली गेली. शिवराज लहान मुलासारखा रडला. लोक त्याला धरून होते. मी विहिरीच्या कठड्यापाशी उभा राहिलो. कोणीतरी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. शिकलेल्या माणसाला अशा वेळी सांगतातच. मी हात जोडले आणि नाही म्हटलं.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा वहिनींनी आतून एक कापडी पिशवी आणली. पाच रजिस्टरं होती. पाच दुकानांची, या सालची, अपुरी. मार्चअखेर तोंडावर आलेली. "भाऊजी, ते म्हनले होते, सरांकडं द्या. म्हनले, त्याला जमत न्हाई, पर त्यालाच द्या." हे सांगताना त्या हसल्या, आणि मग पदराने तोंड झाकून आत गेल्या. मी पिशवी घेऊन जीपमध्ये बसलो. ती मांडीवर घेतल्यावर जड लागली. मी आता पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. दिवसाला पाच तास फळ्यापुढे उभा राहतो. संध्याकाळी कोणाच्या दारात जाऊन त्याला न आवडणारं सांगायची ताकद माझ्यात कधीच नव्हती, आता तर वयही नाही. घरीच बसून, टक्के लावून पाचही वह्या एका रविवारात पूर्ण करता आल्या असत्या. तशी मी एक पूर्ण केलीही. शेवटचा रकाना रिकामा राहिला. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीचे सगळे आकडे खोडले.

मागच्या शनिवारी नांदूरघाटला गेलो. तिथे एक बाई मिरची-हळद कुटायचं यंत्र चालवतात, नवऱ्यामागे बारा वर्षं. त्यांना बँकेकडून कर्ज घेऊन आणखी एक यंत्र टाकायचं आहे, त्यासाठी आहे त्याची किंमत लिहून हवी होती. मी यंत्र चालू करायला लावलं. तळहात ठेवून उभा राहिलो. मला त्यातलं काही कळत नाही, पण हाताला जे लागलं ते बरं नव्हतं, आणि मुसळांखालचा ओटा मधोमध फुटलेला डोळ्यांना दिसत होता. मिरचीने ठसका लागत होता. मी विचारलं, हे विकायला काढलं तर कोण घेईल, नाव सांगा. त्यांनी एक नाव सांगितलं, मग त्याच म्हणाल्या की तो न्हाई घ्यायचा. दुसरं आठवेना. बारा वर्षं त्या यंत्रावर घर चाललं होतं. माझे हात लाल झाले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी म्हणालो, "बाई, हे भंगार आहे. वजनाचे पैसे येतील, तेवढेच लिहितो."

त्यांनी खटका खाली केला. यंत्र थांबायला थोडा वेळ लागला. त्या शांततेत मला वाटलं, आता त्या रजिस्टर हातातून घेतील. त्यांनी पदराने चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "वैजनाथ आप्पांनी बी हेच सांगितलं असतं." मग चुलीकडे वळता वळता, "पर त्यांनी आधी च्या पिऊन घेतला असता."

चहा झाला. मी त्या ओळीत वजन लिहिलं, शेवटच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि सही केली.

एक वही झाली. चार राहिल्या आहेत.